कूट

मी शब्दकोडं पेनानं सोडवतो. पेन्सिल हातात घेतली की माणूस आधीच हरायच्या तयारीला लागतो, असं माझं मत आहे. हिचं मत असं, की माझ्या पेनामुळे कोड्याचा जो चिखल होतो तो पाहून एक दिवस रद्दीवालासुद्धा भाव पाडून मागेल.

पेपर आमच्याकडे साडेसहाला येतो. पहिलं पान मी ओलांडतो, कारण तिथली बातमी उद्या बदललेली असते आणि ती बदलली हे कुणी सांगत नाही. कोड्याचं तसं नाही. काल काय विचारलं होतं आणि त्याचं उत्तर काय होतं, हे दुसऱ्या दिवशी जाहीर कबूल करणारं सगळ्या पेपरात हे एकच सदर. शेजारीच राशिभविष्य असतं. त्याचं 'कालचे उत्तर' कुणी छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

कोडं सुटायला मला बारा मिनिटं लागतात. उरलेला दिवस कोडं रचणाऱ्याच्या चुका काढण्यात जातो. एकतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या, निवृत्तीनंतर तपासायला कुणीतरी हवंच होतं. त्यासाठी मी दोनशे पानी वही घातली आहे. तीन रकाने: तारीख, आडवे की उभे, आणि गुन्हा. मुलगी दिवाळीला आली तेव्हा तिला ती किराण्याची वही वाटली. उघडून पाहिल्यावर आईला हळूच विचारत होती, "बाबांना बरं आहे ना?"

वहीत सर्वांत जास्त वेळा पकडली गेलेली व्यक्ती म्हणजे उमा. शंकराची पत्नी, दोन अक्षरी. तिच्या मागोमाग विष्णूची पत्नी रमा. मग नग, तरू, वारू, तमा, रजा. घोड्याला घोडा म्हणायची सोय आमच्या कोड्यात नाही, तो वारूच. झाडाचा तरू कधीच झाला. एरवी कोड्यातले शब्द खळबळही माजवतात. १९४४ च्या मे महिन्यात लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड असे शब्द एकामागोमाग एक आले. नॉर्मंडीच्या स्वारीचे ते गुप्त शब्द निघाले, आणि लिओनार्ड डॉ नावाचा कोडं रचणारा बिचारा हेडमास्तर गुप्तचरांच्या चौकशीत सापडला. आमच्या कोड्यावरून शत्रूला कळलंच तर इतकंच कळेल, की उमा आणि रमा रोज कामावर हजर आहेत आणि घोडा झाडाखाली उभा आहे.

पाण्याचंही तसंच. 'पाणी' म्हणून विचारलं की जल, नीर, तोय, उदक, सलिल, जीवन यांतलं काहीही निघू शकतं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. मराठीत पाण्याला इतके शब्द आणि टाकीत एकही थेंब नाही, अशा सकाळी 'जीवन' लिहिताना पेन जरा जड चालतं.

पण वही ठेवणाऱ्याला न्यायानंही वागावं लागतं. मराठी कोडं रचणं ही सोपी गोष्ट नाही, हे मला एकदा रिकाम्या कागदावर चौकटी आखून बसल्यावर कळलं. इंग्रजांचं सगळं सव्वीस अक्षरांत भागतं. आडव्या शब्दातला 'ए' उभ्या शब्दात फुकट चालतो. आपल्याकडे घरात बसतं ते अक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट बसतं. नुसत्या 'क'ची बाराखडी केली तर बारा घरं. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे चारशे आठ, आणि जोडाक्षरं अजून दारात उभी. 'का' सापडला म्हणून 'कि'चं काम भागत नाही. सोडवणाऱ्याची यात चैन असते. एका घरात 'ळू' मिळाला की अर्धा शब्द सुटलाच. मरण रचणाऱ्याचं. बिचारा अक्षर जुळवत जुळवत जातो आणि कोपऱ्यात अडकला की उमेला हाक मारतो.

शिवाय काही अक्षरं शब्दाच्या दारात पहिली उभीच राहत नाहीत. 'ळ'नं मराठी शब्द सुरू होत नाही, 'ण'नंही नाही, असं मी एकदा बागेतल्या कट्ट्यावर ठणकावून सांगितलं. शेजारी बसलेले एक जैन गृहस्थ शांतपणे म्हणाले, "णमोकार." सोलापुरात विधान करताना चार भाषा आणि सहा धर्म मागे वळून बघून घ्यावे लागतात. घरी येऊन वहीत पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावावर गुन्हा नोंदवला.

या खेळाचं नावही म्हणे चुकीतूनच आलं. १९१३ साली, म्हणजे मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला त्याच वर्षी, २१ डिसेंबरला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवार पुरवणीत आर्थर विन या लिव्हरपूलच्या माणसानं शंकरपाळ्याच्या आकाराचं पहिलं कोडं छापलं. नाव ठेवलं होतं 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छापताना शब्दांची उलटापालट झाली आणि त्याचं 'क्रॉस-वर्ड' झालं, असं सांगतात. कुणी पत्र पाठवून तक्रार केली नसावी. मी तिथं असतो तर केली असती.

पत्रावरून आठवलं. आमच्या कोड्यात एकदा 'शिक्षक (२)' असं आलं. उत्तर गुरू. पण दुसऱ्या घरातून खाली निघत होता 'तोंड पुसण्याचे वस्त्र (३)', म्हणजे रुमाल. रुमालाचा रु ऱ्हस्व, गुरूचा रू दीर्घ. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले तेव्हापासून शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो. कवी, गुरू, सगळे दीर्घ, 'आणि'सारखे दोन-चार अपवाद सोडले तर. समासात संस्कृत शब्द पहिला आला तर तो ऱ्हस्व राहतो, म्हणून गुरुवारचा रु ऱ्हस्व. म्हणजे एकटा गुरू दीर्घ आणि वाराबरोबर निघाला की ऱ्हस्व, हे ज्याला झोपेतही चुकत नाही त्यानंच कोडं रचावं. दुसऱ्या दिवशी उत्तरात बेधडक 'गुरु' छापलेलं. मी संपादकांना सविस्तर पत्र लिहिलं. नियम उद्धृत केला, उदाहरणं दिली, शेवटी 'कळावे' लिहिलं. पत्र छापून आलं. छापताना तिथल्या कुणा सज्जनानं माझ्या पत्रातले सगळे गुरू एकसारखे करून टाकले होते. माझ्या नावावर वाक्य असं छापलं गेलं: 'गुरु लिहिणे चूक असून गुरु असेच लिहावे.' कट्ट्यावरचे लोक आठवडाभर मला 'गुरु' म्हणत होते. ऱ्हस्व.

माझ्या या व्यासंगाची खरी कदर करणारा माणूस एकच, शेजारचे अण्णा. घरात तेलुगू, दारात मराठी आणि रिक्षावाल्याशी कानडी बोलणारे. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर चादरीच्या नक्ष्या काढल्या. सोलापुरी चादरीवरची फुलं, मोर, वेलबुट्टी मागावर येण्याआधी चौकटीच्या कागदावर येतात, हे मला अण्णांकडे जायला लागल्यावर कळलं. ते त्याला ग्राफ म्हणतात. चौकट रंगवली की ताण्याचा धागा वर उचलायचा, मोकळी सोडली की खाली राहू द्यायचा. त्या ग्राफवरून जॅकार्डच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डांची माळ मागावर चढवायची. एक चौकट चुकली की मोराला तिसरा पाय फुटतो, आणि तो मग हजार चादरींवर फुटतो.

अण्णांनी पहिल्यांदा माझं कोडं पाहिलं तेव्हा शब्द वाचलेच नाहीत. पेपर हातात घेऊन लांब धरला, मग उलटा केला, मग परत सुलटा.

"मालक, हा ग्राफ कुणी काढलाय ओ?"

"ग्राफ नाही अण्णा, कोडं आहे."

"असू द्या की. नक्षी तुटलीय बघा. वरच्या कोपऱ्यात तीन काळी हायत, खालच्या कोपऱ्यात दोनच. फुलाची एक पाकळी कुठं गेली?"

मी थक्क झालो. इंग्रजी पेपरातली कोडी अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी काळी घरं जिथल्या तिथं राहतात, हा तिथला दंडक. आमच्या कोड्याला तसलं बंधन नाही, अक्षरं बसतील तिथं बसवून उरलेल्या जागेत डांबर ओततात. मला हे कळायला बरीच वर्षं आणि एक पुस्तक लागलं होतं. अण्णांना पेपर उलटा करायला लागला तेवढाच वेळ लागला.

तेव्हापासून अण्णा रोज सात वाजता येतात. शब्द माझ्याकडे, नक्षी त्यांच्याकडे. त्यांची परीक्षा वेगळी असते. ज्या घरातून आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द जातात, ते घर त्यांच्या लेखी विणलेलं. ज्यातून एकच शब्द जातो, ते सुटलेलं. "ह्याला आडवा धागाच नाही बघा. ओढला की निघतो." वहीत मी त्यांच्यासाठी चौथा रकाना पाडला: सुटे धागे.

आता गेल्या २६ जानेवारीची गोष्ट. गड्डा यात्रेची गर्दी ओसरत आली होती, होम मैदानावरचे पाळणे अजून फिरत होते. झेंडावंदन करून येऊन मी कोडं घेऊन बसलो. सगळं बारा मिनिटांत सुटलं, डावीकडचा खालचा कोपरा सोडून. आडवे सात: 'कूट करण्यासाठी लागतात (२)'. मी शेंगा लिहिलं. सोलापुरात कूट शेंगांचंच होतं. चटणी शेंगांची, पोळी शेंगांची. उभे सात त्याच घरातून निघत होतं: 'पुरुष राखतात ती (२)'. शें आलाच होता, मी शेंडी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

ही चहा ठेवायला आली. हिचं माहेर पुण्याचं. कपाकडे बघत म्हणाली, "दाणे आहे ते."

"शेंगा."

"शेंगा टरफलात असतात. आतले दाणे. कूट दाण्याचं करतात. टरफलासकट कुटतं का कुणी?"

गेली चौतीस वर्षं हा वाद आमच्या स्वयंपाकघरात चालू आहे. तिच्या डब्यावर 'दाणे' अशी चिठ्ठी आहे आणि माझी आई शेवटपर्यंत त्या डब्याला 'शेंगाचा डबा' म्हणत असे. पण वाद पहिल्यांदाच छापून आला होता. मी विजयी मुद्रेनं उभ्या सातवर बोट ठेवलं. "मग हे? शेंडी कशी येणार?"

तिनं क्षणभर पाहिलं. "दाढी," म्हणाली आणि आत गेली.

मी कोड्याकडे बघतच राहिलो. दाणे, दाढी. शेंगा, शेंडी. दोन्ही राखतात, दोन्ही पुरुषच राखतात, दोन्ही दोन अक्षरी. कोपऱ्यात दोन उत्तरं होती आणि दोन्ही पुरती.

अण्णा आले. मी त्यांना कानडीतला शब्द विचारला. "कानडीत शेंगाच. विजापूर, गुलबर्गा, सगळीकडं शेंगा. आमच्या तेलुगूत पल्ली." म्हणजे एका राज्याचा पाठिंबा माझ्या बाजूला आणि एक तटस्थ. पण अण्णांचं लक्ष भाषेकडे नव्हतंच. ते कोपरा निरखत होते. "मालक, शब्दाचं सोडा. हे दुसरं घर बघा, ह्याला उभा धागा नाही. आणि ह्या खालच्याला आडवा नाही. दोन्ही टोकं सुटी. वर शेंगा लावा नाहीतर पल्ली, कापड तसंच दिसणार."

गुन्हा सापडला होता. णे असो की गा, त्या घराला उलटतपासणी करणारा शब्दच ठेवलेला नव्हता. दोनशे पानांतला हा सर्वांत मोठा. मी त्याला वहीत अख्खं पान दिलं.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आणि त्यातलं बरोबर कोणतं हे फक्त छापणाऱ्याला ठाऊक, हा प्रकार आपल्या देशात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. बंगळुरूहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं साप्ताहिक निघे. त्यात आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या संस्थेची बक्षिसाची शब्दकोडी असत. प्रवेशाचे पैसे भरायचे, अर्ज पाठवायचा. मुंबई राज्यात ती जोरात चालत, आणि सोलापूर तेव्हा मुंबई राज्यातच. राज्यानं बक्षीस स्पर्धांवरच्या १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या कोड्यांनाही कर लावला, संसदेनं १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला एकूण एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नको आणि एका स्पर्धेला दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका नकोत, असं त्यात आहे. कोडीवाले कोर्टात गेले, म्हणाले आमच्या धंद्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. १९५७ साली सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठानं निकाल दिला: जिथं कौशल्याला फारसा वाव नाही आणि नशिबावर पैसा लागतो तो जुगार, आणि जुगार म्हणजे व्यापार नव्हे. दोन शब्द सारखेच बसत असतील तर निवडणाऱ्याची अक्कल काय कामाची, या प्रश्नाचा त्या पाच न्यायाधीशांनी जितका विचार केला, तितका आमच्या कोडेकारानं केला असता तर माझ्या घरात शांतता असती.

निकाल दुसऱ्या दिवशी लागायला हवा होता. पण २६ जानेवारीला छापखान्याला सुट्टी, २७ ला पेपर नाही. ही दोन दिवस डाळीत, भाजीत, खिचडीत कूट घालत होती आणि प्रत्येक वेळी "दाण्याचं" असं मोठ्यानं म्हणत होती. २७ च्या सकाळी मी सरळ हिराचंद नेमचंद वाचनालय गाठलं. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ पासून सहा वर्षं खपून सात खंडांत काढलेला महाराष्ट्र शब्दकोश बघायचा होता. 'श'चा खंड जागेवर नव्हता. खिडकीजवळ एक वयस्कर गृहस्थ तो उघडून बसले होते. कोपराखाली घडी घातलेला कालचा पेपर, कोडं वर. मी घसा खाकरला. त्यांनी मान वर केली, माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं आणि खंड स्वतःकडे दोन इंच ओढून घेतला. गावात मी एकटा नाही, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांचं पेन लाल होतं.

२८ ला साडेसहाच्या आधीच मी फाटकाशी उभा होतो. पेपर झेलला, पान उघडलं. 'मागील कोड्याचे उत्तर' या मथळ्याखाली एक भरलेली जाळी होती. आडवे सात होतं 'रमा'. उभे सात नव्हतंच. जाळीचा आकारही वेगळा. कुठल्या तरी तिसऱ्याच दिवसाच्या कोड्याचं उत्तर आमच्या कोड्याखाली येऊन पडलं होतं.

अण्णांनी दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी धरल्या. "कार्डांची माळच बदलली ओ. चादर मोराची, कार्डं फुलाची."

आता पत्राशिवाय इलाज नव्हता. मी ओसरीवर बसून मसुदा करायला घेतला. ही समोर २६ चाच पेपर पसरून चटणीसाठी शेंगा फोडत होती. मी आणि अण्णा अधूनमधून हात घालत होतो. शेंगेच्या बाजूनं एखादा थोर पुरावा हवा होता, आणि तो मला सुचला.

"टिळक!" मी म्हणालो. "वर्गात टरफलं पडली होती, मास्तर म्हणाले उचला. टिळक काय म्हणाले? मी शेंगा खाल्ल्या नाहीत. दाणे खाल्ले नाहीत, असं म्हणाले का? आणि ते काही सोलापूरचे नव्हते."

"टरफलं होती, म्हणूनच शेंगा म्हणाले," ही म्हणाली. "मी तेच तर सांगतेय तीन दिवस."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. सुटा धागा.

मी मसुद्यातलं ते वाक्य खोडलं. ही दाण्यांचं ताट घेऊन उठली, आत जाता जाता वळली.

"आणि एक. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या. तुम्ही दोघांनी खाल्ल्यात. उचला."

आम्ही दोघं ओणवे झालो. सर्वांत मोठा ढीग आडव्या सातवर होता.